माथेरानचा जन्म पायी वाचायचा असेल तर

माथेरानला निघालेला माणूस नेरळला उतरतो, टॅक्सीनं दस्तुरी नाक्यावर पोचतो, तिथून मिनी ट्रेनची शटल नाहीतर घोडा करतो आणि बाजारात येऊन विचारतो, "इथं बघायला काय काय आहे?" घोडेवाल्याला पॉइंटांची यादी तोंडपाठ असते. दीड दिवसात इको, शार्लट लेक, लुईझा, पॅनोरमा उरकतात, चिक्कीचे पुडे घेतले की परतीची गडबड. डोंगर बघून होतो आणि गाव बघायचं राहून जातं. मला याची फार हळहळ वाटते. २०११ च्या जनगणनेत साडेचार हजार माणसंही नव्हती एवढं हे लहान गाव. त्याच्या जन्माच्या खुणा अजून जागच्या जागी आहेत आणि दोन दिवस पायी फिरलं तर कुणालाही त्या लागतात.

मी नेरळला शाळेत इतिहास शिकवायचे. आठवी-नववीच्या मुलांना थंडीत वर न्यायचे आणि पुस्तकातलं बाजूला ठेवून गावच वाचायला लावायचे. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथं सांगते. गाव कधी 'सापडलं' हा प्रश्न मी मुलांना विचारूच देत नसे. माणसं कुठल्या बाजूनं वर चढली, कुठलं पाणी प्यायली आणि त्यांचं ओझं कुणी वाहिलं, हे तीन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे आणि मगच घर सोडायचं.

निघण्याआधी

जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेलं जुनं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्हावार माहितीग्रंथ, वाचा. इथं एक खाचखळगा आहे. माथेरान आज रायगड जिल्ह्यात, आणि रायगड म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा, म्हणून लोक कुलाब्याचा खंड उघडतात आणि हात हलवत परत येतात. त्या काळी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. तेव्हा ठाण्याचा, १८८२ साली निघालेला चौदावा खंड काढा. माथेरानवर त्यात पानंच्या पानं आहेत. तो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. इंग्रजी जुनं आहे, पण जड नाही.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा. जिथं पाण्याचा उल्लेख येईल तिथं एक खूण, वाटेचा येईल तिथं दुसरी. तिसरी खूण जरा लक्ष देऊन करायची: कोणाचा उल्लेख नावानं आला आहे आणि कोणाचा नुसता जमातीनं. साहेबांची नावं आद्याक्षरांसकट सापडतात. ठाकूर, धनगर, कातकरी मात्र त्यांत एकेकटी माणसं म्हणून जवळजवळ येतच नाहीत. वर गेल्यावर तुम्हाला ज्यांना शोधायचं आहे ते हेच लोक, म्हणून ही खूण सगळ्यांत कामाची.

दिवस निवडायचे ते दिवाळीनंतरचे, फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात धुक्यामुळे समोरचा डोंगर दिसत नाही, आणि या अभ्यासात समोरचा डोंगर दिसणं फार गरजेचं आहे. जांभळं-करवंदं घेऊन वाड्यांवरच्या बाया वर येतात ते दिवस हवे असतील तर मे महिना, पण तेव्हा गर्दी सोसावी लागेल. बूट जुनेच घाला. माथेरानची माती जांभ्याची, लाल. नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांची ती एका तासात ओळख पुसते.

पहिला दिवस: दक्षिण टोकापासून

बाजारात सामान टाकलं की पॅनोरमाकडे वळू नका. तो उत्तरेला आहे. तुम्ही सरळ दक्षिणेला, वन ट्री हिलकडे चालायला लागा. घोडा करू नका. घोडा चालतो त्याच्या सवयीच्या वाटेनं आणि थांबतो तोही त्याच्या सवयीच्या जागी.

वन ट्री हिलच्या कड्यापाशी उभं राहिलं की खाली चौक गावाचा परिसर, मोरबे धरणाचं पाणी आणि समोर इर्शाळगडाचा सुळका दिसतो. माथेरानच्या लिखित इतिहासाचं दार हे आहे. ह्यू पॉइंट्झ मॅलेट हा ठाण्याचा कलेक्टर मे १८५० मध्ये चौकला मुक्कामाला होता. तिथून तो या बाजूच्या ओढ्यानं वर चढला आणि रामबागच्या बाजूनं उतरला. पुढं तो पुन्हा आला, राहिला आणि घर बांधलं. त्या घराचं नाव 'बाइक' (Byke). त्या नावाचं हॉटेल आजही आहे. मॅलेटपाठोपाठ दुसरे साहेब आले, कॅप्टन बारचं बार हाऊस त्या पहिल्या घरांपैकी.

तो चौकलाच का होता, हे मुलांना मी इथं उभं करून विचारायचे. उत्तर समोर दिसतं. मुंबईहून पुण्याला जायचं तर पनवेल, चौक, खोपोली आणि बोरघाट ही वाट. घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये झालेला होता. साहेबाचा तंबू रस्त्यालगत पडणार, आणि मे महिन्यात खाली कोकणात घामानं भिजलेला माणूस मान वर करून डोंगराकडे पाहणार. त्यामुळे माथेरान पहिल्यांदा पाहिलं गेलं ते नैऋत्येकडून आणि दक्षिणेकडून. नेरळ तेव्हा हिशेबात नव्हतं.

आता कड्यावरून खाली उतरणाऱ्या घळीकडे पाहा. तिला शिवाजी लॅडर म्हणतात. या घळीतून खालच्या वाड्यांची माणसं चढत-उतरत आलेली आहेत. मॅलेटला वाट मिळाली ती कुणाच्या तरी पायांनी आधीच पडलेली होती. पाट्यांवर आणि माहितीपत्रकांत 'मॅलेटनं माथेरानचा शोध लावला' असं लिहिलेलं असतं. ते वाचून माझा जीव तुटतो. ज्या डोंगरावर धनगरांची गुरं चरत होती, ज्याच्या कातळउतारांवर ठाकरांची शेतं होती, त्याचा शोध लागायचा काय राहिला होता? मॅलेटनं सुरू केलं ते थंड हवेचं ठिकाण. ते तसंच लिहावं, एवढं माझं म्हणणं आहे.

ज्यांचे पाय भक्कम आहेत त्यांनी वरून पाहण्यापेक्षा खरोखरच बोरगाव-आंबेवाडीच्या बाजूनं चढून यावं. वाडीतला वाटाड्या सोबत घ्यायचा आणि त्याची मजुरी निघण्याआधी ठरवून पूर्ण द्यायची. पावसात या वाटेला जाऊ नका, दगड सुटतात. समोर इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि ती ठाकूरवाडी मातीखाली गेली. मुलांना ते ठिकाण दाखवताना मी तिथं थोडा वेळ काही बोलत नसे, आणि मग सांगायचे की वरच्या गावाचा इतिहास उताराखालच्या वाड्यांसकट लिहायचा असतो.

पाणी

वन ट्री हिलवरून परतताना शार्लट लेककडे या. तलावाकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. पर्यटक तलावाचा फोटो काढतात आणि पुढं इको पॉइंटला जातात. तुम्ही इथं बसा. गावाच्या पिण्याचं पाणी या तलावाचं, म्हणून त्यात हातपाय धुवायचे नाहीत.

डोंगराच्या माथ्यावर, ८०० मीटर उंचीवर, पाणी टिकतं कसं हे समजून घेतलं की अर्धं माथेरान समजलं. वरचा थर जांभ्याचा. तो स्पंजासारखा पाऊस पितो. त्याच्याखाली काळा बसाल्ट, तो पाणी सहजी आत घेत नाही. मुरलेलं पाणी त्या दोन थरांच्या सांध्यावरून बाजूला सरकतं आणि जिथं सांधा उघडा पडतो तिथं झरा होतो. मॅलेट स्प्रिंग, हॅरिसन स्प्रिंग ही नावं ऐकाल, ती अशाच झऱ्यांची. वहीत डोंगराची बाह्यरेषा काढा आणि झरे, तलाव, सिम्प्सन टँक तिच्यावर मांडा. मग जुने बंगले मांडा. पाण्याच्या टिंबांभोवती बंगल्यांची टिंबं कशी गोळा होतात ते तुमच्या हातानंच कागदावर उमटेल. आज हे पाणी पुरत नाही, उल्हास नदीचं पाणी पंपानं टप्प्याटप्प्यानं वर चढवावं लागतं. हॉटेलात नळ सोडण्याआधी ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

झाडीकडेही याच नजरेनं पाहा. अंजनी, जांभूळ, हिरडा. पानं दाट, वर्षभर हिरवी. वसंतात अंजनीला निळ्या-जांभळ्या फुलांचे गुच्छ थेट फांदीला बिलगून येतात. ही राई तुटली असती तर झरे आटले असते आणि गावही उठलं असतं. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनं माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं. त्याआधी दीडशे वर्षं गावात मोटारगाडी आली नाही, याचा त्या राईवर केवढा उपकार आहे! शेकरू अजून दिसतं, पण त्यासाठी गप्प चालावं लागतं.

दुसरा दिवस: गावाचं तोंड फिरलं कसं

सकाळी बाजारातून स्टेशनकडे आणि रुळांच्या कडेनं अमन लॉज स्टेशन, दस्तुरीपर्यंत चाला. साधारण अडीच किलोमीटर. काल तुम्ही पाहिलं ते चौककडे पाहणारं माथेरान. आज पाहायचं ते नेरळकडे वळलेलं.

ही वळणाची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती सांगणारा मला क्वचित भेटला. मॅलेट चढला १८५० मध्ये. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ ला सुरू झाली, १८५४ ला कल्याणला पोचली आणि १८५६ ला खोपोलीपर्यंत. मध्ये नेरळ. मुंबईहून निघालेल्या माणसाला आता चौकला तंबू ठोकायची गरजच राहिली नाही. तो डोंगराच्या पूर्वपायथ्याशी आगगाडीतून उतरू लागला. त्याच दशकात गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन इथं येऊ लागला, त्याचा एल्फिन्स्टन लॉज झाला आणि नेरळची वाट सुधारली. बड्या साहेबामागून मुंबईचे पारशी, बोहरी, गुजराती शेठ आले, त्यांचे बंगले झाले. दक्षिणेची वाट वाड्यांपुरती उरली. गावाची सगळी देवघेव नेरळच्या बाजूनं होऊ लागली. माझ्या नेरळचं नशीब उजळलं ते असं, आणि चौकचं नाव माथेरानशी जोडलेलं राहिलं फक्त चौक पॉइंटात.

तरीही नेरळपासून वर चढायला घोडा, पालखी, डोली नाहीतर स्वतःचे पाय. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरी उद्योगपतीच्या घराण्यानं रेल्वे बांधायला घेतली, मुलगा अब्दुल हुसेन यानं काम तडीला नेलं. १९०४ ला सुरुवात, १९०७ च्या मार्चमध्ये गाडी चालू. खर्च १६ लाख रुपये. दोन फुटांचा रूळ, सुमारे वीस किलोमीटर अंतर आणि जागोजागी वीसाला एक इतका चढ. माझे आजोबा या मार्गावर गँगमन होते. पावसाळ्यात दरड आली की रात्री कंदील घेऊन निघायचं, सकाळच्या गाडीआधी रूळ मोकळा करायचा, असं ते सांगत. जुलै २००५ च्या पावसात मार्ग इतका उखडला की गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडलं. २०१९ च्या पावसानं पुन्हा तेच झालं आणि नेरळ-अमन लॉज भाग कितीतरी काळ बंद राहिला. रुळांच्या कडेची दगडी गटारं आणि पुश्ते, म्हणजे आधाराच्या भिंती, थांबून पाहा. इंजिनाचे फोटो सगळेच काढतात. गाडी चालते ती या गटारांमुळे.

रुळांलगत चालताना आजही तुम्हाला गॅस सिलिंडर, भाजी, सिमेंटची पोती वाहणारी घोडी आणि हमाल दिसतील. ओझं कुणी वाहिलं, हा तिसरा प्रश्न काढायची जागा ही. हातरिक्षा ओढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथं होती. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा चाचणीपुरत्या आल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढावं हे संपायलाच हवं होतं, आणि ते फार उशिरा संपत आहे असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी हे काम केलं त्यांच्याकडे गावाची अशी माहिती आहे जी कुठल्याही गॅझेटियरात नाही: कुठल्या बंगल्यात कोण यायचं, किती महिने मुक्काम असायचा, कुठली चढण छाती फोडायची. ती आत्ता विचारून घ्या.

विचारायचं कसं

"माथेरान कधी वसलं?" असं विचारलंत की समोरचा दादा तुम्हाला मॅलेट आणि १८५० सांगेल, कारण पर्यटकांना तेच हवं असतं हे त्याला माहीत आहे. त्याऐवजी विचारा, "दादा, तुमच्या घरातलं पहिलं कोण वर आलं? कुठल्या गावाहून? कशाच्या कामाला?" मग उत्तरांत साताऱ्याकडची गावं येतात, खालच्या वाड्या येतात, चांभारकाम, खानसाम्याचं काम, माळीकाम, घोड्यांचं काम येतं. जांभळं विकायला बसलेल्या ठाकरीण आजीला विचारा, "आजी, किती वाजता निघालात? कुठल्या वाटेनं आलात?" वाटांची वाडीतली नावं तिच्याकडून कळतील. ती उच्चाराप्रमाणे लिहा आणि वाचून दाखवा, ती दुरुस्त करते. आधी तिच्याकडची टोपली पाहून काहीतरी विकत घ्या आणि भावात घासाघीस करू नका. फोटो काढायच्या आधी विचारा.

बाजारात आणखी एक नाव काढा: भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचाच, १ डिसेंबर १९१२, नाभिक कुटुंबातला. वकील झाला, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून भूमिगत लढा दिला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाला. हिराजी पाटील त्याच्यासोबत पडले. साहेबांच्या हवापालटासाठी वसलेल्या गावात साहेबांची सेवा करणाऱ्या घरातून हा माणूस उभा राहिला, आणि त्याला साथ दिली ती याच पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी-आदिवासींनी. माथेरानच्या जन्माची गोष्ट सांगताना मी १८५० सोबत १९१२ हे सालही फळ्यावर लिहायचे.

बंगल्यांच्या फाटकांकडेही लक्ष असू द्या. माथेरानातली जमीन भाडेपट्ट्यानं दिलेली. जुन्या मिळकती प्लॉट नंबरानं ओळखल्या जातात. दिसेल तो नंबर आणि नाव नकाशावर टिपत चला. परवानगीशिवाय आत शिरू नका, काही बंगल्यांत म्हातारी माणसं एकटी राहतात. ज्यांना आणखी खोलात जायचं आहे त्यांनी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जावं. ओळखपत्र आणि अर्ज लागतो, आणि एका दिवसात फार काही हाती येईल अशी आशा ठेवू नये.

दुसऱ्या डोंगरी गावात

हीच पद्धत बाकीच्या ठिकाणी चालते, फक्त पहिला प्रश्न बदलावा लागतो. महाबळेश्वरला जुनं क्षेत्र आणि कृष्णेच्या उगमाचं देऊळ साहेबांच्या कितीतरी आधीचं. १८२८-२९ च्या सुमाराला सर जॉन माल्कमच्या नावानं वसली ती माल्कम पेठ त्यापासून वेगळी. तिथं आधी क्षेत्र पाहा, मग बाजारात या. पाचगणीला जॉन चेसननं वस्ती उभारली, पण दांडेघर, गोडवली, खिंगर, आंब्रळ, तायघाट ही पाच गावं भोवताली होतीच. तिथं मी दांडेघरपासून चालायला सांगेन. माथेरानच्या माथ्यावर असं जुनं नांदतं गाव नव्हतं, होत्या त्या चराईच्या जागा आणि वाटा; म्हणून इथं सुरुवात वाटेपासून.

परत आल्यावर आठवड्याच्या आत वही साफ लिहून काढा, नंतर कुणी काय सांगितलं याची सरमिसळ होते. ज्यांनी सांगितलं त्यांचं नाव त्यांची संमती असेल तरच घाला. ऐकीव गोष्ट आणि कागदावरची गोष्ट वेगवेगळ्या शाईनं लिहा. झरे, वाटा आणि वाड्यांचा तुमचा नकाशा पूर्ण झाला की त्याच्या प्रती काढा: एक माथेरानच्या शाळेत द्या आणि एक ज्या वाडीतून वाटाड्या घेतला होता तिथल्या शाळेत.